डॉक नंबर चारची नव्वद सेकंदं

वसंत गोमा जाधव, वय सेहेचाळीस, गणेशपुरीजवळच्या एका खेड्यातले. काल्हेरच्या एका गोदामात चेकर. गेल्या पौषातल्या पहिल्या मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, डॉक नंबर चारवर लोखंडी रॅक अंगावर कोसळून ते मेले. त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कंपनीने लिहून टाकलं की हा माणूस आज ड्युटीवर नव्हताच. ठेकेदाराच्या मस्टरवर गैरहजर. मग गोदामात काय करत होता? तर, 'माल उचलण्याच्या हेतूने शिरला असावा.' असावा! एका शब्दात माणूस चोर.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तुम्ही हेच विसराल आणि बाकीचं लक्षात ठेवाल. तसं करू नका.

आता माझ्याबद्दल. मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. बुवा-बाबांच्या विरोधातली पत्रकं मी निजामपुऱ्याच्या लूमच्या गल्ल्यांतून वाटली आहेत, वज्रेश्वरीच्या जत्रेत उभी राहून वाटली आहेत, आणि त्यासाठी घरच्यांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. या सदरात येतात तसले भुताखेतांचे अनुभव म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मी चारचौघांत म्हटलेलं आहे. आज त्याच सदराला लिहितेय. हसायचं तर हसा.

पोटासाठी मी कॉम्प्युटरचं काम करायचे. त्याच गोदामात. 'सिस्टीम सपोर्ट' म्हणतात, म्हणजे वायर निघाली तरी मीच आणि प्रिंटर अडकला तरी मीच. ऑफिसच्या केबिनमध्ये एक लिनक्सचा सर्व्हर. सगळ्या फाइली त्याच्यावर. डॉक म्हणजे गाडी मागे घेऊन माल उतरवायचा फलाट. सहा डॉकवर सहा कॉम्प्युटर, प्रत्येकावर एक चेकर. गाडी लागली की तिचा नंबर, वेळ, खोके किती आणि शेरा, एवढं चेकरने भरायचं. फाइल मात्र त्या कॉम्प्युटरमध्ये नसते. ती वायरीवरून थेट सर्व्हरवरची उघडते. या व्यवस्थेला एनएफएस म्हणतात. एका डॉकने फाइल उघडली की तिला कुलूप लागतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तिच्यात लिहिता येत नाही. कुणाचं कुलूप कुठल्या फाइलवर आहे याची नोंद सर्व्हर ठेवतो.

आणि आता माझा गुन्हा.

आमच्या वायरी जुन्या. 'सेव्ह' दाबलं की स्क्रीन मिनिट-मिनिट अडकायची, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, चेकर मला शिव्या घालायचे. नव्या वायरी मागून मी दमले. शेवटी मीच सगळ्यांना सांगून टाकलं, दर गाडीला सेव्ह करू नका. एकदा जेवायला उठताना करा, एकदा शिफ्ट संपताना. सगळे खूश. वसंतदादा तेवढे म्हणाले होते, "पोरी, मधेच लाईट गेली तर?" मी म्हटलं, "दादा, लाईट शुक्रवारी जाते. शुक्रवारी सांभाळा."

त्या मंगळवारी दादा जेवायला उठलेच नव्हते. गाड्यांची रांग होती. सकाळपासून भरलेलं सगळं त्या कॉम्प्युटरच्या पोटात होतं, आणि रॅक पडला तो दादांवर आणि कॉम्प्युटरवर एकदमच. सर्व्हरवर त्या दिवशीची डॉक चारची फाइल होती... पण कोरी. एक ओळ नाही.

कंपनीला आणखी काय पाहिजे होतं? मॅनेजरने तीच कोरी फाइल पुरावा म्हणून धरली. मी गुरुवारी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की सकाळी आठ पंचावन्नला फाइल उघडलेली दिसते, म्हणजे माणूस ड्युटीवर होता. तो म्हणाला, कॉम्प्युटर कुणीही चालू करतं. मी म्हटलं, सेव्ह व्हायचं राहिलंय. तो हसला आणि म्हणाला, "मग दे ना लिहून. सेव्ह करू नका असं तूच शिकवलंस, तेही लिही."

मी लिहून दिलं नाही. रस्त्यावर घसा फाडून बोलणारी मी, केबिनमधून गप्प बाहेर आले. पुढचे काही दिवस गप्पच राहिले. हे जसंच्या तसं खरं आहे.

त्याच गुरुवारी मॅनेजरने दुसरं काम दिलं. प्रोग्राममध्ये रोजचा दिवस 'बंद' करावा लागतो. मंगळवार बंद होत नव्हता. स्क्रीनवर येत होतं की डॉक चारची फाइल वापरात आहे. मला आश्चर्य वाटलं नाही. ज्याने कुलूप लावलं तो कॉम्प्युटर मेला, तर कुलूप तसंच राहतं. सर्व्हर रिस्टार्ट केला की सुटतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या, अवघड नाही. सर्व्हर बंद होऊन चालू झाला की आधीची कुलुपं विसरतो. म्हणून पहिली नव्वद सेकंदं तो कुणालाच नवं कुलूप देत नाही. तेवढ्या वेळात ज्यांची आधी होती त्यांनी येऊन म्हणायचं — हे माझं होतं, मला परत द्या. वेळ संपली की ज्याने मागितलं नाही त्याचं गेलं. हे सगळं कर्नल बघतो, म्हणजे लिनक्सचा गाभा. माणूस त्यात नसतो.

मी रिस्टार्ट केलं. पाच डॉकच्या कॉम्प्युटरांनी आपापली कुलुपं मागितली. आणि सहावी मागणी आली. डॉक चारच्या पत्त्यावरून. मंगळवारच्या फाइलसाठी.

तो कॉम्प्युटर मागे भंगारात पडला होता. मी स्वतः बघितला होता, चेपून पाटासारखा झालेला. मी म्हटलं, जुन्या क्लायंटांची, म्हणजे जोडलेल्या कॉम्प्युटरांची, यादी सर्व्हरवर असते, तीत काहीतरी अडकलंय. यादीतून डॉक चार काढला. पुन्हा रिस्टार्ट. पुन्हा मागणी. पुन्हा कुलूप.

तेवढ्यात डॉकवरून आरडाओरड सुरू झाली. दर वेळी दीड मिनिट सगळं ठप्प, गाड्या उभ्या. मॅनेजर म्हणाला ती नव्वद सेकंदं कमी कर. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. नव्वदची दहा केली तर त्या... जे काय होतं त्याला वेळच मिळणार नाही.

सेटिंग लिहिली. रिस्टार्ट. पुन्हा नव्वद. मग लक्षात आलं, ही चूक सगळेच करतात. मशीन सुरू होताना सेटिंगची यादी आधी वाचली जाते आणि कुलुपं सांभाळणारा कर्नलचा भाग, लॉकडी, नंतर लोड होतो. जो अजून आलाच नाही त्याला कोण काय सांगणार? मग तो भाग लोड होतानाच सेटिंग बसेल अशी तजवीज केली. एनएफएसच्या स्वतःच्या फाइलमध्येही दहा लिहिले. रिस्टार्ट करून तपासलं, दोन्हीकडे दहा. समाधान वाटलं. मग लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. लॉगमध्ये कर्नलने लिहिलं होतं: नव्वद सेकंदांची मुदत सुरू.

सेटिंग दहा. मुदत नव्वद. तीनदा करून पाहिलं.

शुक्रवारी दुपारी ठरल्याप्रमाणे लाईट गेली, तासाभराने आली, सर्व्हर आपोआप उठला. मी लॉग बघायचं टाळलं आणि नुसती फाइल बघितली. मंगळवारची, डॉक चारची.

ती कोरी नव्हती. एक ओळ होती.

सकाळी नऊ पाच. गाडीचा नंबर. खोके दोनशे चाळीस. शेरा: दोन खोक्यांची टेप सुटलेली.

सुटलेल्या टेपची नोंद आमच्या गोदामात एकच माणूस ठेवायचा. बाकीचे त्यांची चेष्टा करायचे, टेपवाले दादा म्हणायचे.

मी उठून बाहेर गेले आणि गेटवर रफिकभाईंच्या शेजारी बसले. रफिकभाई म्हणजे गेटचे वॉचमन, निजामपुऱ्याचे. वीस वर्षं लूमवर काढून कानाला कमी ऐकू यायला लागल्यावर इथे लागलेले. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर ते एका वहीत लिहितात. मला चिडवायला 'लीडर' म्हणतात. मी त्यांच्याकडे मंगळवारचं पान मागितलं. पहिली गाडी, नऊ वाजून दोन मिनिटं. नंबर तोच.

मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, रविवारी गोदाम बंद असतं, चावी माझ्याकडे असते.

रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं आत शिरलो. उन्हं आत डॉकपर्यंत आली होती. अंधार, घुबड, असलं काही मनात आणू नका. मी आधी माझ्या समाधानासाठी सगळं बंद केलं. पाचही डॉकचे कॉम्प्युटर बंद, त्यांच्या वायरी स्विचमधून काढल्या. स्विच म्हणजे जिथे सगळ्या डॉकच्या वायरी येऊन मिळतात ती पेटी; दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर चालू असेल तरच त्या वायरीचा दिवा लागतो. बाहेरचं इंटरनेट तोडलं. सर्व्हरची सोडून फक्त डॉक चारची वायर ठेवली. तिचं दुसरं टोक डॉकवर हवेत लोंबत होतं, कापलेलं, वर काळी टेप गुंडाळलेली.

रफिकभाईंना स्विचसमोर बसवलं आणि मोबाइल कानाला लावून मी डॉकवर गेले. सर्व्हर रिस्टार्टला लावून आले होते. ते टोक हातात धरलं. टेप काढली. आत नुसत्या तांब्याच्या तुटक्या तारा.

"लीडर," फोनवर रफिकभाई म्हणाले, "चार नंबर की बत्ती जल गई."

मी विचारलं, नक्की चार? ते म्हणाले, बाकी सब खाली है, और कौन सी जलेगी.

आणि मग वायर माझ्या हातातून ओढली गेली. जोराने नाही. टेबलाखाली कुणी पाय लांब करतं तेव्हा वायर जशी थोडीशी सरकते, तशी. तिथे टेबल नव्हतं. टेबल भंगारात गेलं होतं. समोर फक्त सिमेंटची कोरी जमीन होती आणि ती धुऊनसुद्धा एका जागी काळपट राहिली होती.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो. मी वायर धरून तशीच उभी राहिले आणि आकडे मोजत राहिले. नव्वदला रफिकभाई म्हणाले, बुझ गई.

केबिनमध्ये येऊन फाइल उघडली. दुसरी ओळ. नऊ अठ्ठावीस. रफिकभाईंनी वही काढली आणि बोट ठेवलं. नंबर तोच.

तुम्ही म्हणाल, तिथूनच पळून का नाही गेलात. मला पळायचंच होतं. पण आदल्याच दिवशी, शनिवारी, मी दादांच्या घरी जाऊन आले होते. मंदावहिनी, दादांच्या पत्नी, ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात दादांचा डबा, कंपनीने सामानाबरोबर परत पाठवलेला. भाकरी तशीच होती, बुरशी आलेली. त्या फेकू देत नव्हत्या. गावात आता लोक विचारतात, म्हणाल्या, नक्की काय चोरायला गेला होता. मी संघटना, अर्ज, मोर्चा असं बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाय, मला दुसरं काय नको हाय. माझा मानूस चोर न्हाय, येवढं कागदाव लिवून आन."

सेव्ह करू नका हे मीच शिकवलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. चहा पिऊन आले.

म्हणून रविवारी मी पळाले नाही. एकेक रिस्टार्ट, एकेक ओळ. प्रत्येक वेळी आधी मशीन सुरू होतं, मग लॉगमध्ये ती मुदतीची ओळ, मग भिंतीपलीकडच्या रिकाम्या डॉकवर... काहीतरी बसतं. दुसऱ्यांदा मी तिकडे गेले नाही. रफिकभाई तसबीह, त्यांची जपमाळ, ओढत होते. तिसरी गाडी, चौथी, पाचवी. वेळ पुढे सरकत होती — साडेदहा, सव्वाअकरा, बारा दहा. प्रत्येक नंबर वहीत होता. मला जी भीती वाटत होती ती भुताची नव्हती. आपण कुठे चाललोय ते मला माहीत होतं. दोन दहाकडे. दर रिस्टार्टला मी त्या माणसाला त्या रॅककडे एकेक पाऊल ढकलत होते, आणि तो येत होता, शेरा लिहीत, टेप बघत.

अकरावी ओळ, एक पन्नास. वहीत तीच गाडी एक अठ्ठेचाळीसला. तिथे वहीतलं पान संपलं. पुढचं पान नव्हतं. कडेला फाटलेला कागद दिसत होता.

रफिकभाईंनी तो कागद अंगठ्याने चाचपला. मग एकेक आठवत बोलले. मंगळवारी दोनच्या थोडं आधी त्यांना मागच्या गेटवर पाठवलं होतं, पुढे मॅनेजरचा माणूस बसला होता. बुधवारी पोलिसांना दाखवायची म्हणून वही केबिनमध्ये मागवली होती. परत आली तेव्हा त्यांनी बघितलंच नाही. "मैंने देखा ही नहीं," असं ते दोन-तीनदा म्हणाले, मला नाही, वहीला.

मी बाराव्या ओळीसाठी रिस्टार्ट केलं. बोट बटणावर ठेवून किती वेळ बसले होते ते आठवत नाही.

बारावी ओळ. दोन सात. गाडीचा नंबर. खोक्यांची जागा रिकामी. शेरा — जसाच्या तसा उतरवते — 'ब्रेक लागत नाही. मागे घेऊ नका सांगितले. तरी घेत आहेत'

शेवटी पूर्णविराम नव्हता.

रॅक आपोआप पडला नव्हता. गाडी रॅकवर घातली होती. आणि ती गाडी त्या दिवशी गोदामात आलीच नाही, असं कागदोपत्री आहे.

मी मोबाइलवर स्क्रीनचे फोटो काढले. पहिले चार धूसर आले. मग रफिकभाईंनी विचारलं, लीडर, बत्ती बुझी नहीं अभी तक? मी घड्याळ पाहिलं. नव्वद सेकंदं होऊन सहा मिनिटं झाली होती. मुदत संपल्याची ओळ लॉगमध्ये आली नव्हती. चार नंबरचा दिवा पेटलेला होता, आणि लुकलुकत होता. भराभर. जसं कुणी एकच कळ दाबत सुटलंय. फाइलमध्ये मात्र नवं काही येत नव्हतं.

आम्ही पळालो. सर्व्हर बंद न करता, केबिनचं दार उघडं टाकून. रफिकभाईंनी गेटला कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी एकाही डॉकला फाइल उघडता येईना. मी वायरी परत लावल्या, उपयोग शून्य. सर्व्हर अजून त्याच मुदतीत होता. कुणालाच नवं कुलूप देत नव्हता. गाड्या हायवेपर्यंत लागल्या. अकराच्या सुमारास मॅनेजरने प्लग उपटला, मशीन गाडीत घालून नेलं आणि मला घरी पाठवलं. कायमचं. दुसऱ्या दिवसापासून रफिकभाईही गेटवर नाहीत.

फोटो घेऊन मी कामगार खात्याच्या कार्यालयात गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी बारा ओळी वाचल्या आणि फाइलची तारीख बघितली. माणूस मंगळवारी गेला, लिहिलं गेलं त्यानंतर, शुक्रवारी आणि रविवारी. सर्व्हरवर लॉगिन एकच, माझं. "तुम्हीच लिहिलं, असं कोणीही म्हणेल," ते म्हणाले. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. त्या दिवशी मी त्यांना सेव्हचंही सांगितलं, लेखी दिलं. मंदावहिनींनाही जाऊन सांगितलं. या वेळी त्यांनी चहा ठेवला नाही.

स्पष्टीकरण? मी जाणकार लोकांना विचारलं. अडकलेलं कुलूप समजतं. उशिरा लोड होणारा भाग समजतो. हवेत लोंबणाऱ्या वायरीचा दिवा समजत नाही, आणि मेलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातल्या ओळी सर्व्हरवर कशा उतरल्या, हे कुणी सांगू शकत नाही. मलाही माहीत नाही. आता घरी लाईट जाऊन परत आली की मी आपोआप मोजायला लागते. नव्वदच्या पुढे मोजायची हिंमत होत नाही.

तुम्ही भुतावर विश्वास ठेवावा अशी माझी मागणी नाही. माझी मागणी वेगळी आहे. ती बारावी गाडी खरी आहे. तिला ड्रायव्हर होता, बहुतेक क्लीनर होता, ती कुठल्या तरी गॅरेजमध्ये ब्रेकसाठी उभी राहिली असणार. संपादकांनी पूर्ण नंबर छापायला नकार दिला, पण सांगते: पांढरी केबिन, ठाणे पासिंग, शेवटचे दोन आकडे एकाहत्तर. मागच्या डाव्या कोपऱ्याला रॅकचा निळा रंग लागलेला असेल. ती गाडी तुम्ही चालवत असाल, त्या दुपारी तिच्यामागे रांगेत उभे असाल, तिचा कोपरा ठोकून सरळ केला असेल, तर या सदराच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा आणि खाली सही करा. जिवंत माणसाची सही. मेलेल्या माणसाने त्याच्या बाजूचं लिहून दिलंय. आता तुम्ही लिहा.